साताऱ्यातल्या माजघरात, 1917

सन 1917. पाऊस सरला आहे, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गवत अजून हिरवं आहे आणि तुम्ही पेठेतून घराकडे निघाला आहात. वय विशीतलं. दिवसा कचेरीत उमेदवारी करता, पण संध्याकाळी पावलं नारायण वामन टिळकांच्या घराकडे वळतात.

टिळकांनी यंदाच अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आहे. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा आहे. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. तुमचा झालेला नाही. तिथून तुम्हांला कुणी उठवलेलं नाही.

बातमी मात्र तुमच्या आधी घरी पोचली आहे.

माजघरात काका बसलेत. आई चुलीपाशी, तुमच्याकडे पाठ करून.

“कुठनं आलास?”

“टिळकांकडनं.”

“बाटलास काय रे?”

तुम्ही तोंड उघडण्याआधीच ते आईकडे वळतात. “तरी सांगत होतो, वहिनी, डोळ्यांसाठी मिरजेला जाऊ नका. मिशनच्या दवाखान्याचं पाणी प्यालात, आता भोगा.”

मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली हे हॉस्पिटल सुरू केलं. आईचा मोतीबिंदू तिथेच काढला. आज ती तांदूळ स्वतः निवडते. त्या उपकाराचा असा उद्धार ऐकून तुमच्या जिभेवर एक वाक्य येतं: तुमच्या देवानं दिली होती का तिला दृष्टी? ते बोललात तर काका गप्प होतील, आणि आई आठ दिवस रडेल. त्यामागोमाग दुसरं येतं, जास्त सोयीचं: छे हो, नुसतं भजन ऐकायला गेलो होतो.

या दोन्ही वाक्यांचा धनी शुभवर्तमानात एकच माणूस आहे, पेत्र. येशूला धरायला आले तेव्हा त्यानं तलवार उपसून एकाचा कान कापला, आणि त्याच रात्री, शेकोटीपाशी एका दासीनं विचारताच, त्या माणसाला आपण ओळखतही नाही असं सांगून टाकलं. मला हे फार खरं वाटतं. एकाच भीतीतून माणूस अंगावरही धावतो आणि पाठही फिरवतो. सशस्त्र जमावापुढे टिकलेला पेत्र घरगुती चौकशीपुढे ढासळला, हेही ध्यानात घ्या. कारण तुमच्यापुढे आत्ता काकाच आहेत.

तुम्ही टोपी काढून खुंटीला अडकवता. तेवढा वेळ पुरतो.

“काका, मी ख्रिस्ताला गुरू मानतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही. कधी घ्यायचं ठरलं, तर आधी तुम्हांला आणि आईला सांगेन. आणि मिरजेला आईला मी नेलं होतं. बोलायचं ते मला बोला.”

काका बराच वेळ बघत राहतात. मग म्हणतात, “जेवायला बस. वहिनी, याचं पान वेगळं मांडा.”

पान वेगळं मांडलं जातं. म्हणून तुमचं उत्तर वाया गेलं असं समजू नका. त्यातलं तिसरं वाक्य टिळकांनाही जमलं नव्हतं. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना आधी न सांगता. पुढे सुमारे पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण त्या मधल्या वर्षांचं दुःख कुणी भरून देऊ शकलं नाही. टिळकांच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, तरी त्या न सांगण्याचं समर्थन मला करता येत नाही.

टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले आणि दरबारही त्यांच्यामागे फार टिकला नाही. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मात्र घरोघरी आहे. त्यातला बाप्तिस्म्याच्या बातमीचा भाग एकदा घरात मोठ्यानं वाचा; घरात तरुण मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवून, आणि काकांनाही.