सुबाभूळ : चारा ते तण

१/ छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांकडेला, पडीक जमिनींवर उगवणारी सुबाभूळ मूळची मेक्सिकोची. तेथील वाहाका राज्याचे नावही याच वृक्षकुळावरून पडले. पुढे स्पॅनिश गलबतांतून ती फिलिपिन्सला पोहोचली.

२/ १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याचे पशुधन चाऱ्यावाचून खंगले. त्याच दशकात मणिभाई देसाई यांच्या उरुळी कांचन येथील ‘बायफ’ संस्थेने हा प्रथिनयुक्त, झपाट्याने वाढणारा चारावृक्ष शेतकऱ्यांपर्यंत नेला.

३/ परंतु छाटणी थांबली की शेंगा लगडतात, बी मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि दाट जाळीखाली स्थानिक रोपे गुदमरतात. जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आज तिचे नाव आहे.

४/ दोष झाडाचा कमी, लावून विसरणाऱ्यांचा अधिक. विळा चालतो तोवर ती चारा; विळा थांबला की तण.