विद्यार्थी जातात, संस्था राहते: एका नोंदणीची गोष्ट

आजचा विषय संस्था नोंदणीचा आहे. सात सह्या, घटना, नियमावली आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातले हेलपाटे. नाव ऐकूनच जांभई आली असेल, पण जरा थांबा. या कागदांच्या मागे एक जुना आणि खरा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांनी काढलेली संस्था, ते विद्यार्थी कॉलेज सोडून गेल्यावर कुणाची?

चला, १८४८ च्या मुंबईत जाऊया. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी प्रोफेसर पॅटन यांच्या पाठिंब्याने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी ही त्यातली ठळक नावं. निबंध वाचायचे, चर्चा करायची, असं काम सुरू झालं. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. आणि पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, या मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिकवायला हेच तरुण, तेही बिनपगारी. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे वजनदार लोक पाठीशी उभे राहिले.

आता गंमत बघा. निबंध वाचायला कायदा लागत नाही. शाळा म्हटली की मात्र जागा आली, बाकं आली, देणग्या आल्या, भाडं आलं. हे सगळं कुणाच्या नावावर ठेवायचं? त्या काळी आपल्याकडे अशा मंडळांसाठी नोंदणीचा कायदाच नव्हता. कायद्याच्या नजरेत मंडळ म्हणजे नुसती जमलेली माणसं. मालमत्ता ठेवायची तर कुणातरी विश्वासू माणसांच्या नावावर. तो माणूस वारला, गाव सोडून गेला किंवा त्याची नियत फिरली, की मंडळाची पंचाईत!

ही अडचण इंग्लंडलाही होती. तिथे १८५४ मध्ये 'लिटररी अँड सायंटिफिक इन्स्टिट्यूशन्स ॲक्ट' आला. नाव ओळखीचं वाटतं ना? मुंबईच्या पोरांनी सहा वर्षं आधी आपल्या सोसायटीला तेच दोन शब्द लावले होते. त्या काळात अशा मंडळांची लाटच होती. मग त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८६० चा २१ वा कायदा झाला, सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट. साहित्य, विज्ञान, ललित कला, उपयुक्त ज्ञानाचा प्रसार आणि धर्मादाय कामं करणाऱ्या मंडळांची कायदेशीर स्थिती सुधारावी, हा त्याचा हेतू. किमान सात माणसं, उद्देश लिहिलेला कागद, नियमांची प्रत आणि जास्तीत जास्त ५० रुपये फी.

या कायद्यातली तीन कलमं मला फार आवडतात. सहावं म्हणतं, संस्थेचा दावा अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्त यांच्या नावाने चालेल. सातवं म्हणतं, तो माणूस मेला किंवा पदावरून गेला तरी दावा बुडणार नाही. आणि आठवं म्हणतं, निकाल विरुद्ध गेला तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून, त्या माणसाच्या घरातून नाही. म्हणजे काय, तर माणूस आणि पद वेगळे केले. विद्यार्थी संघटनेला याहून मोठं वरदान कोणतं? तिथे तर दर दोन-तीन वर्षांनी सगळी माणसंच बदलतात!

पण नोंदणी म्हणजे जादू नाही हं. १९६१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या नोंदणीने सोसायटी कंपनीसारखी पूर्ण कायदेशीर व्यक्ती होत नाही. अधिकार मिळतात, पण कायद्याने दिले तेवढेच.

तरी नोंदणीचं वजन मोठं. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचं काम १९४८ मध्ये सुरू झालं, पण नोंदणी झाली ९ जुलै १९४९ ला, आणि संघटना आपला स्थापना दिवस साजरा करते तो याच तारखेला. जन्म एकीकडे, जन्मदाखला दुसरीकडे, आणि वाढदिवस दाखल्यावरचा!

आज महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातही येते. त्यामुळे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं, आपला तो 'चेंज रिपोर्ट'. १८६० च्या कायद्यातही दरवर्षी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत पदाधिकाऱ्यांची यादी द्यायला सांगितलं होतं. माणसं बदलणार, हे कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि विद्यार्थ्यांची गाडी नेमकी इथेच घसरते. उत्साहात नोंदणी होते, पेढे वाटले जातात. मग तीन वर्षांनी अध्यक्ष पुण्यात, सचिव बंगळुरूला, खजिनदाराचं लग्न झालेलं. कागदावर मात्र अजून तेच तिघे! नव्या मुलांना बँकेत गेल्यावर कळतं, की जी संस्था आपण रोज चालवतो, ती कागदोपत्री आपली नाहीच. म्हणजे १८४८ चाच प्रश्न पुन्हा उभा, फक्त आता कायदा असूनही.

म्हणून नव्याने मंडळ काढणाऱ्यांना एवढंच सांगेन. पहिल्या सात सह्या सोप्या असतात. तुम्ही गेल्यावर आठवी सही कोण करणार, ते नियमावलीत आधी लिहा. भेटूया पुढच्या भागात!