बोंबील, डाक आणि कव

बोरीबंदरहून सुटणाऱ्या टपालगाडीला सुक्या बोंबलांचा वास यायचा, म्हणून ती 'बॉम्बे डाक', आणि साहेबाने डाकचं केलं डक! गोष्ट झकास आहे, पण पहिल्याच टेस्टला फेल. मुंबई-ठाणे गाडी धावली १८५३ साली. ऑक्सफर्डच्या कोशाला 'बॉम्बे डक' हा शब्द १८५० सालीच सापडलाय. मग डक आलं कुठून? असो.

बोंबलाची शास्त्रीय नोंदही मुंबईची नाही. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली ती गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात केली. कारण हा मासा दोन तुकड्यांत राहतो. सौराष्ट्रापासून रत्नागिरीच्या आसपास एक वस्ती, दुसरी थेट बंगालकडे (तिथे तो 'लोटे'). मधल्या मलबारच्या किनाऱ्यावर जवळजवळ नाहीच.

कूळ तळाशी राहणाऱ्यांचं. याचा चुलतभाऊ चोरबोंबील वाळूत दबा धरून बसतो. आपला बोंबील मात्र खाडीतोंडाच्या गढूळ पाण्यात जवळ्यामागे फिरतो, आणि प्रसंगी स्वतःचीच पिल्लं गिळतो. अंगात बहुतेक पाणीच, हाडं मऊ, दात मात्र आत वळलेले आणि धारदार. वाळवताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगतात ते याच दातांच्या जोरावर. हे उघड्यावरचं वाळवण युरोपियन युनियनला पटेना. मान्यताप्राप्त कारखान्यात तयार होत नाही म्हणून १९९७ साली त्यांनी आयात बंद केली. पुढे वाळवण उघड्यावर पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी, अशी तडजोड झाली.

पण खरं राजकारण युरोपात नाही, आपल्या वसईसमोर आहे. पाचूबंदर, अर्नाळ्याचे कोळी बोंबील धरतात डोलीने. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेली लांबलचक पिशवी. मासळीचा पाठलाग नाही, भरती-ओहोटीच्या ओढीनेच ती आत येते. म्हणून उधाणाला कामाची धांदल, आणि भांगाला निवांत. पण जाळं एकाच जागी उभं, म्हणजे जागा हवी. त्या जागेला म्हणतात कव. वसई-उत्तनकडच्या कवी उत्तरेला सरकत गेल्या, आणि तरंगत्या जाळ्यांनी पापलेट धरणाऱ्या सातपाटी-डहाणूकरांची जाळी त्यात अडकायला लागली. हा वाद वर्षानुवर्षं चाललाय. दोन्ही बाजू कोळ्यांच्याच, दोघांचं पोट त्याच पाण्यावर, त्यामुळे मला तरी यात कुणी एक खलनायक दिसत नाही. जमिनीला निदान सातबारा तरी असतो हो!