सुईणीचं प्रमाणपत्र आणि नर्सची नोंदणी

जळगाव-धुळ्याच्या बाळंतपणाच्या इतिहासावर काम करताना एक फरक आधी समजून घ्यावा लागतो. प्रमाणपत्र म्हणजे प्रशिक्षण झाल्याची पावती, तर नोंदणी म्हणजे तो व्यवसाय करायचा कायदेशीर हक्क. सुईणीला पहिलं मिळालं, दुसरं कधीच नाही.

मुंबई इलाख्यात नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली आला. तेव्हा धुळे पश्चिम खानदेशात होतं आणि जळगाव पूर्व खानदेशात. पुढे १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतःचा नर्सेस कायदा झाला. आज एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन्हींत प्रसूतीचं शिक्षण असतं आणि पास झाल्यावर नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवता येतं.

सुईणीची वाट वेगळी होती. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई असावी असं ठरलं. प्रशिक्षण कामाचे ३० दिवस. आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात, बाकीचे दिवस आरोग्यसेविकेबरोबर गावोगाव फिरायचं. तिच्या देखरेखीखाली किमान दोन बाळंतपणं करायची. शेवटी प्रमाणपत्र आणि बाळंतपणाची पेटी. भर होता स्वच्छतेवर: हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. नाळेतून होणारा धनुर्वात टाळायला हे फार मोलाचं होतं. पण बाईला रक्तस्राव सुरू झाला, तर पेटीत काय असणार? तिथे इंजेक्शन, रक्त आणि गाडीच लागते. शिरपूर किंवा चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून दवाखाना गाठायचा म्हणजे अंतर हेच मोठं संकट.

हीच मर्यादा पुढे व्याख्येत उतरली. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुशल’ प्रसूती-सहायकाची व्याख्या केली, त्यात प्रशिक्षित दाईसुद्धा बसली नाही. २००५ पासून जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर दिला. २०१८ मध्ये ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम जाहीर झाला, पण तोही आधीच नोंदणी झालेल्या नर्ससाठी.

वैद्यकीय कारणं मला पटतात. तरी इतिहास लिहिताना आकडेवारी जपून वाचावी लागते. तक्त्यात ‘अकुशल’ या खान्यात पडलेल्या बाळंतपणांत सरकारनेच शिकवलेल्या बायकांनी केलेलीही आहेत. त्यांनी ३० दिवसांत काय शिकलं आणि त्याआधी त्यांना काय येत होतं, हे त्या खान्यातून कळत नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल, आणि त्या आता म्हाताऱ्या झाल्यात.