पुन्हा उघडायचा सांधा : किट कार आणि सीलंटचा इतिहास

१९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची एक छोटी, उघडी, दोन आसनांची मोटार बाजारात आणली. तिचे वैशिष्ट्य असे की ती सुट्या भागांच्या रूपातही विकत मिळे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, इंजिन, चाके असे सारे घरी न्यायचे आणि आपल्या गॅरेजमध्ये आपणच जोडायचे. अशा मोटारीला ‘किट कार’ म्हणतात.

यामागे हौस होती, तसा करही होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, ब्रिटनने ‘पर्चेस टॅक्स’ लागू केला. पुढे नव्या मोटारीच्या किमतीत या कराचा वाटा बराच मोठा झाला. सुट्या भागांच्या रूपात घेतलेली मोटार मात्र त्यातून सुटे. जोडणीच्या सूचना सोबत देण्यास मनाई होती, म्हणून लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या, अशी एक गोष्ट मोटारप्रेमींमध्ये आजही चवीने सांगितली जाते.

गोष्टीत तिखटमीठ किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. या मोटारीचा स्वभाव तिच्यात नेमका उतरला आहे. जी गाडी मालकाने स्वतः जोडली, ती तो स्वतःच दुरुस्त करणार. म्हणून ती पुन्हा उघडता आली पाहिजे. आणि इंग्लंडच्या पावसात ती चालणार, म्हणून तिचे सांधे बंदही राहिले पाहिजेत. या दोन अटी एकमेकींच्या वैरिणी आहेत. दोन पत्र्यांमधल्या फटीत काय भरायचे, हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न त्या वैरातून जन्मला.

पाणी आत येऊन पाय भिजतात, एवढाच हा विषय असता तर तो इतिहासात आला नसता. खरा धोका आत साचून राहणाऱ्या ओलीचा. सेव्हनचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे पोलादी नळ्यांवर रिव्हेटने बसवलेले असत. पत्रा आणि नळी यांच्या मध्ये खारट ओल अडकली की दोन भिन्न धातूंची जणू एक छोटी बॅटरीच तयार होते. अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते; नळीवरचा रंग उडाला असेल तर पोलादही गंजते. वरून गाडी चकचकीत, आणि जिच्यावर चालकाचा जीव विसंबून आहे ती नळी आतून पोखरलेली.

हा धडा मोटारीपेक्षा दोनशे वर्षांनी जुना आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला, समुद्रकिड्यांपासून बचाव म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजमधील कामगिरीनंतर १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणचे लोखंडी खिळे जवळजवळ विरून गेलेले आढळले. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे तेथे लोखंड आणि तांबे यांच्या मध्ये तसेच राहून गेले होते! कामगाराच्या निष्काळजीपणाने इतका उपयोगी निष्कर्ष हाती लागल्याची उदाहरणे थोडीच असतील. या क्षरणाचा शास्त्रीय अभ्यास हम्फ्री डेव्ही यांनी पुढे १८२४ मध्ये केला. सांध्यातल्या लेपाची दोन कामे असतात, हे त्या कागदाने आधीच दाखवून दिले होते : पाणी बाहेर ठेवणे आणि धातूंना एकमेकांपासून दूर ठेवणे.

किट कार जोडणाऱ्यांच्या हाती जे लेप आले, त्यांतील बहुतेक युद्धाने घडवलेले होते.

पॉलिसल्फाइड हा त्यांतला एक. १९२० च्या दशकात अमेरिकन रसायनज्ञ जोसेफ पॅट्रिक गोठणविरोधी द्रव शोधत असताना त्यांच्या हाती एक दुर्गंधीयुक्त, रबरासारखा पदार्थ आला. पेट्रोल आणि तेल यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नसे. ‘थायोकॉल’ या नावाने तो विकला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनटाक्यांचे सांधे त्याच्या द्रवरूपाने बंद झाले. तो धातूला इतका घट्ट धरतो की काढताना खरवडून जीव मेटाकुटीला येतो. कायमच्या सांध्याला उत्तम. उघडायच्या पत्र्याला मात्र शत्रू.

(याच कंपनीची पुढची कथा आपल्या विषयाला विलक्षण रीतीने लागून आहे. हेच रसायन घन इंधन बांधून ठेवण्यास उपयोगी पडले आणि थायोकॉल रॉकेटच्या धंद्यात शिरली. अंतराळयान ‘चॅलेंजर’चे साहाय्यक रॉकेट तिच्याच वारसदार कंपनीचे. ते यूटामध्ये तुकड्यांनी बनत, फ्लोरिडात जोडले जात, उड्डाणानंतर समुद्रातून काढून पुन्हा सुटे केले जात. २८ जानेवारी १९८६ च्या थंडीत अशाच एका सांध्यातील रबरी कडे ताठरले, उष्ण वायू बाहेर पडला आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उघडता येणारा सांधा बंद ठेवणे किती कठीण, याचे याहून भीषण उदाहरण नाही.)

दुसरा लेप सिलिकोनचा. याचे मूळ इंग्लंडमधलेच, नॉटिंगहॅमचे. तेथील प्राध्यापक फ्रेडरिक किपिंग यांनी कित्येक दशके सिलिकॉनच्या संयुगांवर काम केले. पण प्रयोगपात्रांच्या तळाशी उरणारा चिकट लगदा त्यांना निव्वळ उपद्रव वाटे. या शाखेचे भवितव्य फारसे आशादायक नाही, असेच त्यांचे मत होते. १९४० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी त्या लगद्यातूनच उद्योग उभा केला. विमानांच्या इग्निशनमध्ये ओल शिरू नये म्हणून तो वापरला गेला. साध्या हवेत घट्ट होणारे सिलिकोन त्यानंतर आले. नळीतून पिळायचे, बोटाने सारखे करायचे, इतके सोपे. पाते फिरवले की पत्रा सुटतोही.

मग तेच का निवडू नये? दोन अडचणी आहेत. स्वस्त सिलिकोन घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो अ‍ॅसिटिक आम्लाचा असतो आणि उघड्या धातूला ते आम्ल बाधते. यावर ‘न्यूट्रल’ प्रकारचे सिलिकोन हा उपाय आहे. दुसरी अडचण मात्र निस्तरणे कठीण. सिलिकोनचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर नवा रंग धरत नाही, छोटे खड्डे पडतात. रंगकाम करणारे कारागीर सिलिकोनला वर्कशॉपच्या दारातही उभे करत नाहीत, ते यामुळेच. पत्रा निघाला, पण खुणेसकट निघाला, असा हा प्रकार.

तिसरा पदार्थ ब्यूटिल रबर. १९३७ मध्ये अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीत ते तयार झाले आणि हवा धरून ठेवण्याच्या गुणामुळे टायरच्या ट्यूबमध्ये गेले. सीलंट म्हणून त्याची जी पट्टी मिळते ती कधीच पूर्ण घट्ट होत नाही. वर्षानुवर्षे चिकट, लवचीक राहते. पत्रा हळूहळू ओढला की ती ताणली जाते आणि सुटते. उरलेला भाग त्याच पट्टीच्या गोळ्याने टिपून काढता येतो. तिच्यात ताकद नसते, म्हणून भार बोल्टनीच पेलावा लागतो. उष्णतेने ती मऊ पडते आणि पेट्रोल-तेलापुढे टिकत नाही. इंधनटाकीजवळ किंवा एक्झॉस्टच्या शेजारी तिला जागा नाही.

म्हणून ‘सर्वोत्तम सीलंट कोणते’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. आधी विचारायचे, हा पत्रा पुन्हा कधी निघणार? सेव्हनच्या बाजूंचे आणि तळाचे पत्रे सांगाड्याला मजबुती देतात. ते रिव्हेट ड्रिलने उडवूनच काढायचे, दहा-वीस वर्षांतून एकदा. तेथे चिवट लेप क्षम्य आहे, किंबहुना हवाच. मडगार्डची गोष्ट निराळी. ते खडीने फुटतात, बदलावे लागतात. त्यांच्या आणि बॉडीच्या मध्ये नुसती गोल कडेची पायपिंग दाबून बसवतात, चिकटवण्याची गरजच नाही. या दोहोंच्या मधल्या पत्र्यांसाठी ब्यूटिलची पट्टी. आणि जेथे तेल-उष्णता आहे तेथे जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती : एका कडेला न्यूट्रल सिलिकोन लावायचे, समोरच्या कडेला मेण किंवा व्हॅसलीन, बोल्ट हलकेच आवळायचे, लेप घट्ट झाल्यावर पूर्ण. लेप एकाच बाजूला चिकटतो आणि त्या फटीच्या नेमक्या मापाचे गॅस्केट तयार होते.

चॅपमन यांचे स्वतःचे मन मात्र हळूहळू या गाड्यांवरून उडाले. १ एप्रिल १९७३ रोजी पर्चेस टॅक्स जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची करसवलत संपली. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे सोपवले. कर वाचवण्याचे कारण उरले नव्हते, तरी केटरहॅम किट विकतच राहिली आणि लोक ती घेतच राहिले.

त्या काळच्या ज्या गाड्या आज दुरुस्तीला येतात, त्यांच्यावर प्रथम रिव्हेट उडवण्याचे काम होते आणि पत्रा सुटतो. त्याच्यामागे स्वच्छ रंग आहे, पांढरी भुकटी आहे की बोट घुसेल असे भोक, हे तेव्हाच कळते. पहिल्या मालकाने त्या फटीत काय भरले होते, किंवा काहीच भरले नव्हते, तेही.