'टेक' : आक्रमकांसोबत आलेले क्रियापद

१/५
मराठी माणूस औषध घेतो, परीक्षा देतो, छायाचित्र काढतो, बस पकडतो, सूड उगवतो. इंग्रजीत या साऱ्यांना एकच क्रियापद पुरते : 'टेक'. इतके अर्थ पेलणारा हा शब्द मुळात मात्र इंग्रजी नव्हे.

२/५
जुन्या इंग्रजीत 'घेणे' या अर्थी 'निमन' हे क्रियापद रूढ होते. जर्मन 'नेहमेन' हे त्याचेच भावंड.

३/५
इ.स. ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली. ८७६ मध्ये तिच्यातील काहींनी नॉर्थंब्रियाची जमीन वाटून घेतली आणि नांगर हाती धरला. लुटारू शेजारी झाले. दोघांच्या भाषा मुळातच जवळच्या होत्या. व्यवहारात आणि सोयरिकीत त्या मिसळत गेल्या.

४/५
त्यातूनच नॉर्स 'टाका' इंग्रजीत आले. 'ते' या अर्थाचे 'दे' हे सर्वनामही त्याच वाटेने आले. पुढील काही शतकांत 'टेक'ने 'निमन'ची जागा बळकावली.

५/५
तरीही 'निमन' पुरते पुसले गेले नाही. 'बधिर' या अर्थाचा इंग्रजी 'नम' हा शब्द त्याच्याच भूतकालीन रूपातून घडला. त्याचा मूळ अर्थ : 'हिरावून घेतलेला'.