स्थिरविद्युत् विसर्जनरोधी डायोड (वेगवान डेटावाहिन्यांसाठी निवड)

माणसाच्या अंगावर साठलेला विद्युत् भार जोडणीच्या पिनेवर उतरला, तर त्याला चिपपर्यंत पोचू न देता भूमीकडे वळवणारा आणि एरवी निष्क्रिय राहणारा अर्धसंवाहक घटक. यूएसबी, एचडीएमआय, इथरनेट अशा वाहिन्यांवर तो बसवतात. निवडताना माहितीपत्रकातील किलोव्होल्टच्या आकड्यावर भर दिला जातो. परंतु त्या आकड्यावरून डायोड स्वतः टिकेल, एवढेच कळते. चिप टिकेल की नाही, हे झटक्याच्या वेळी तिच्यापर्यंत किती दाब पोचतो यावर ठरते.

पेण, रोह्यासारख्या दमट कोकणपट्टीत अशा डायोडची गरजच काय, असा आक्षेप घेता येईल. दमट हवेत भार कमी साठतो, हे खरेच. गालिच्यावरून चालताना १० ते २० टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत दाब निर्माण होऊ शकतो. ६५ ते ९० टक्क्यांत तो सुमारे १,५०० व्होल्टवर येतो. मात्र साधारण ३,००० व्होल्टखालचा झटका माणसाला जाणवत नाही, आणि नाजूक चिपला त्याहून कमी दाबही पुरतो. म्हणजे दमटपणामुळे धोका घटतो, पण उरलेला धोका लक्षातही येत नाही. शिवाय याच पट्टीतील धाटाव औद्योगिक वसाहतीतील किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यातील एखादा कक्ष वातानुकूलित असेल, तर तेथील हवा बाहेरच्यापेक्षा कोरडी असते.

चिपमध्ये अंगभूत संरक्षण असते, हा दुसरा आक्षेप. ते कारखान्यातील हाताळणीपुरते असते. मानवी देह प्रतिमानाच्या २ किलोव्होल्ट चाचणीत शिखर प्रवाह जेमतेम १.३ अँपिअर असतो. आयईसी ६१०००-४-२ मानकाच्या ८ किलोव्होल्ट स्पर्श-चाचणीत तो सुमारे ३० अँपिअरवर जातो आणि ३० नॅनोसेकंदांनंतरही १६ अँपिअर उरतो. डायोडचा गतिक रोध (वाहत असतानाचा रोध) १ ओहम असेल, तर या १६ अँपिअरमुळे चिपपर्यंत पोचणाऱ्या दाबात १६ व्होल्टची भर पडते, ०.५ ओहम असेल, तर ८ व्होल्टची. म्हणून किलोव्होल्टपेक्षा हा रोध आधी पाहावा.

दुसरी कसोटी धारितेची. ३ पिकोफॅरडचा डायोड ४८० मेगाबिटच्या यूएसबीवर, म्हणजे २४० मेगाहर्ट्झला, सुमारे २२० ओहमचा वाटतो आणि ४५ ओहमच्या तारेला फारसा जाचत नाही. ५ गिगाबिटच्या वाहिनीवर, २.५ गिगाहर्ट्झला, तोच २१ ओहमचा होऊन संकेत गिळतो, तेथे ०.३ पिकोफॅरडच्या आसपासचा डायोड लागतो. परंतु धारिता जितकी कमी तितके चांगले, असेही नाही. धारिता घटवण्यासाठी संधीचे क्षेत्र लहान केले, तर गतिक रोध वाढतो. त्यामुळे वाहिनीच्या वेगाला चालेल तेवढी धारिता पत्करून सर्वांत कमी रोधाचा डायोड घ्यावा. वाहक झाल्यावर दाब एकदम खाली आणणारे डायोड या ओढाताणीतून वाट काढतात. मात्र त्यांचा धारण-दाब (ज्याखाली ते वाहणे थांबवतात तो दाब) वाहिनीच्या स्थिर दाबाहून अधिक हवा, नाहीतर झटका ओसरल्यावरही ते वाहतच राहू शकतात.

एवढे पाहूनही जागा चुकली तर निवड वाया जाते. ३० अँपिअरचा प्रवाह एका नॅनोसेकंदात चढला, तर डायोडपासून भूमीपर्यंतच्या वाटेतील १ नॅनोहेन्री प्रवर्तकतेवरच ३० व्होल्ट उभे राहतात. म्हणून डायोड जोडणीला खेटून आणि भूमीकडची वाट आखूड ठेवावी. पावसाळ्याच्या तोंडावरील विजांपासूनही हाच डायोड वाचवील, असे मात्र समजू नये. तो नॅनोसेकंदांच्या झटक्यासाठी असतो. विजेमुळे बाहेरच्या केबलवर येणारी लाट मायक्रोसेकंदांची आणि कितीतरी अधिक ऊर्जेची असते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळे संरक्षण लागते.